आबांनी कापलेलं कॅबिनेट

बीडहून नवं कॅबिनेट आलं आणि खोक्यातून बाहेर काढायच्या आधीच मी त्याला नावं ठेवायला लागलो. कॉम्प्युटरच्या पेटीला काचेचं दार! आत काय पाहुण्यांची बैठक मांडलीय? वर तीन पंखे, तेही रंगीत दिव्यांचे.

धारूरच्या बाजारात मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. यंदाच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापून ऐन मंगलाष्टकांत बंद पडायला लागला, म्हणून नाइलाजानं हे मागवलेलं. आतली यंत्रं मी चारदा बदलली, पण पेटी वीस वर्षं तीच. आबांनी कापलेली.

माझे वडील, आबा, पत्र्याचे कूलर करायचे. माझा पहिला कॉम्प्युटर असाच तापला, तेव्हा त्यांनी तो उघडला आणि करणाऱ्यालाच शिव्या घातल्या. "पंखा बसिवलाय, आन् हवेला वाटच न्हाई ठिवली! कावून करतेत असं?" मग कात्रीनं पत्रा कापला. हवा आत यायला खाली मोठं भोक, गरम हवा जायला वर तिरक्या फटी. धुळीसाठी जाळी मिळेना, तर आईची पिठाची चाळणीच मोडली. आईनं दोन दिवस न चाळलेल्या पिठाच्या भाकरी वाढल्या. आबांनी गुमान खाल्ल्या. आई गेली त्याला सात वर्षं झाली.

"जे गार राहील ते ठेवायचं, दुसरं भंगारात," असं मीच तोंडानं बोलून बसलो होतो. आबा मुद्दाम दुकानात येऊन बसले. एकच लग्न जुन्या पेटीत तासभर चालवलं: शहाऐंशी डिग्री. सगळी यंत्रं नव्यात बसवली, पुन्हा तेच लग्न: एकोणसत्तर.

आबांना आता स्क्रीनवरचे आकडे दिसत नाहीत.

"किती आलं रं, सोमा?"

"सारखंच, आबा. आपलंच ठेवू."

ते उठले. नव्या पेटीवर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"खोटं कावून बोलतूस? मगाशी आपल्या पेटीवर हात ठिवला, तर चटका बसला. ही गार हाय."

मी जुन्या पेटीकडे पाहिलं.

"आबा, पण आपली पेटी..."

"तिनं वीस वर्सं काढली की. आता हे बंद कर आन् दार उघड. वारा कसा फिरिवलाय, बगू दे."

मी कॉम्प्युटर बंद करून काच काढली. ऐंशी वर्षांचे आबा फरशीवर मांडी घालून बसले आणि आतला पत्रा बोटांनी चाचपू लागले. वीजपुरवठ्याचा तापणारा डबा तळाशी, वेगळ्या कप्प्यात बंद केलेला होता, त्याची गरमी बाकीच्यांना लागू नये म्हणून. तिथं त्यांची बोटं थांबली. ती त्या कप्प्यावरून दोनदा फिरली.

"हे मला सुचाया पायजे होतं," ते म्हणाले.