शेवटचा पाव फेरा

मार्गशीर्षातली सकाळ होती. पंचगंगेवरून उठलेलं धुकं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पत्र्यांवर येऊन टेकलं होतं, आणि त्या धुक्याला दूरच्या गुऱ्हाळांचा गोड, किंचित करपट वास होता. सूर्य वर आला होता. पण साच्यातून नुकत्याच काढलेल्या बिडाच्या चकतीसारखा, मध्ये तांबूस, कडांना काळवंडलेला.

त्याच्या उजेडाची एक तिरपी पट्टी शालन लोहारच्या वर्कशॉपात आली, तेलकट फरशीवरून सरकत गेली, आणि एका काळ्या टाकीवर थबकली.

काजळकाळी, रुंदखांदी, शांतमुखी मोटरसायकल. एकोणीसशे छप्पन सालची. गेल्या चैत्रात ती इथे आली तेव्हा ती मोटरसायकल नव्हती. चार पोत्यांतलं लोखंड होती. काही गंजानं धरलेलं, काही मातीनं, आणि सायलेन्सरमध्ये तर उंदराचं बिऱ्हाड. आठ महिने शालननं ते लोखंड रॉकेलमध्ये धुतलं. एकेक नट बोटांत फिरवून ओळखला, आणि ज्याच्या त्याच्या जागी परत नेला.

शालन अठ्ठावन्न वर्षांची. कृशांगी, मितभाषिणी, तेलानं रेखलेल्या तळव्यांची. जुन्या मोटरसायकली पुन्हा उभ्या करण्याची विद्या तिला वडिलांनी दिली होती. ते गेले त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून हे दार ती एकटीच उघडते, एकटीच लावते. आणि तिनं हात लावलेली गाडी घाटात थांबली असं बेळगावापासून साताऱ्यापर्यंत कुणी म्हटलेलं नाही.

त्या विद्येत एक नाजूक ठिकाण आहे. इंजिनाच्या माथ्यावर दोन झडपा असतात: एक श्वास आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. त्यांना उघडणाऱ्या दांड्यांमध्ये केसाएवढी मोकळीक ठेवावी लागते. हे टॅपेट लावण्याचं काम. मोकळीक उरली नाही तर झडप मिटत नाही, आणि न मिटलेली झडप जळते. मोकळीक फार झाली तर दांडा घणासारखा आदळतो, आणि एखाद्या चढावर निसटून जातो. म्हणून वडील म्हणायचे, टॅपेट बोलला तर गाडी जगते, मुका झाला तर जळते.

थंड इंजिनावर दांडा बोटांत फिरवून बघायचा. फिरला पाहिजे, हलता कामा नये. तिथवर बोटांचं राज्य. मग इंजिन सुरू करायचं आणि शेवटचा पाव फेरा कानानं द्यायचा. तो लहानसा, नियमित, रेशमात गुंडाळलेला टिकटिकाट ऐकू येईपर्यंत.

तो पाव फेरा म्हणजेच शालन लोहार. बाकी सारं कुणीही करू शकतं.

काल संध्याकाळी तिनं टॅपेट लावले. बोटांनी लावले, इंजिन सुरू केलं, कान दिला. टिकटिकाट नव्हता. तिनं पाव फेरा ढिला केला. नव्हता. आणखी पाव. नव्हता. आणखी. मग कुठे तो आला; दुरून, पाण्याखालून आल्यासारखा, पण आला. तिनं समाधानानं पाना पुसून ठेवला.

आता सकाळी तिनं किक मारली. धप्, धप्, धप्, धप्. धीरगंभीर, गजगामी, मेघमंद्र ठोके. आणि त्यांच्यावर, मृदंगावर वाजणाऱ्या झांजेसारखा, तो कोवळा टिकटिकाट. तिचे डोळे मिटले.

दारापाशी तातोबा बसला होता. सदुसष्ट वर्षांचा, टाक्यांवर सोनेरी रेघा ओढणारा, तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. मांडीवर अवजारपेटीचं काळं झाकण, हातात खारीच्या केसांचा कुंचला. रेघ ओढताना तो श्वास रोखतो. त्याची रेघ एका श्वासाच्या लांबीची असते. आज ती रेघ मध्येच थरथरली, वाकडी झाली. त्यानं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं ती पुसून टाकली आणि ओरडला.

"अगं शालन! भांड्याचं कपाट पडलंय काय आत?"

"टॅपेट हायत तात्या. बोलायलाच पायजेत."

"बोलायला पायजेत, भांडायला न्हवं! बग, गल्लीतली कुत्री उठली. तुझ्या कानात काय गुळाची ढेप बसलीय?"

तिनं बाहेर पाहिलं. गल्लीच्या टोकाला दोन कुत्री खरंच उठून उभी होती, कान ताठ करून, वर्कशॉपकडे बघत.

शालननं इंजिन बंद केलं.

आणि त्या शांततेत, हळूहळू, धुक्यातून खांब दिसू लागावेत तशी तिला एकेक गोष्ट दिसू लागली. कुकरची शिट्टी, हल्ली वाफ दिसली की ती गॅस बंद करते. लेथवर पोलाद कापतानाची ती बारीक किंचाळी. हल्ली नवं तेल चांगलं आहे म्हणून येत नाही असं तिला वाटलं होतं. स्वतःच्या हातातल्या काचेच्या बांगड्या. पत्र्यावरच्या चिमण्या. उंच, बारीक, चकाकते आवाज आधी गेले होते. कुणाला न उठवता, एकामागून एक. जाड आवाज उरले होते, म्हणून तिला काही गेल्याचं कळलंच नव्हतं.

टॅपेटचा आवाज उंच असतो, बारीक असतो. तो तिला ऐकू येईपर्यंत तिनं मोकळीक वाढवत नेली होती. चाळीस वर्षांत न केलेली चूक तिनं चाळीस वर्षांच्या काटेकोरपणानं केली होती. गाडी तिच्या कानाच्या मापाची झाली होती.

"कवापासनं?" तातोबानं विचारलं. आता तो ओरडत नव्हता. पण ओठ मोठे हलवत होता, आणि तेच तिला जास्त लागलं.

"काय ठावं. पाडव्यापासनं असंल."

"सांगलीच्या मिस्त्रीला फोन लावू. दुपारपतूर येईल, ऐकंल, पाव फेरा देईल. झालं."

"आज येईल. उद्या?"

उसन्या कानावर चालणारं वर्कशॉप तिचं कसं राहणार, हे दोघांनाही कळत होतं. आणि बारा वाजता गाडीचे मालक येणार होते. हिंदुराव मगदूम, एसटीत बत्तीस वर्षं चालक, आता निवृत्त. उद्या पहाटे बायकोला मागे बसवून ते आंबोलीचा घाट उतरणार होते, सावंतवाडीला, तिच्या माहेरी.

शालन रडली नाही. रडण्यानं लोखंड गंजतं, असं तिच्या घरात म्हणत.

तिनं वडिलांचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. हातभर पोलादी दांडा, शिसवी मूठ. इंजिन पुन्हा सुरू केलं. दांड्याचं टोक इंजिनाच्या माथ्यावर टेकवून मूठ कानाला लावली, जसे सगळेच मिस्त्री लावतात. धप्, धप्. जाड ठोके, बाकी कापूस. मूठ कानामागच्या हाडावर ठेवली. तिथे काहीतरी हललं. अगदी बारीक, अगदी आत.

मग तिनं ती मूठ दातांत धरली.

आणि आवाज आला नाही, स्पर्श आला. प्रत्येक जाड ठोक्याच्या सावलीत दोन बारीक टोचण्या, कवटीच्या काळोखात चमकून जाणाऱ्या, सुईच्या अग्रासारख्या, दोन काजव्यांसारख्या. एक. दोन. एक. दोन. कान मिटला होता. हाड जागं होतं.

पण दाताला भाषा येत नव्हती. योग्य कसं लागतं आणि अयोग्य कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते आता शिकवायचं होतं, आणि बारा वाजेपर्यंत.

तिनं इंजिन बंद केलं आणि लोखंड निवायची वाट पाहिली. तापल्या लोखंडावर माप घेत नाहीत. धुकं विरलं, ऊन धारदार झालं, पत्रे तडतडू लागले. ती हाताची घडी घालून बसून राहिली. दर थोड्या वेळानं सिलिंडरच्या पात्यांवर तळवा ठेवायची, ताप बघावा तसा. उष्ण. कोमट. थंड.

मग तिनं बोटांनी दोन्ही टॅपेट लावले. दांडा फिरला, हलला नाही. बोटं खोटं बोलत नव्हती. इंजिन सुरू करून तिनं मूठ दातांत धरली आणि मनाला सांगितलं, हे योग्य. पाव फेरा ढिला केला, हे अयोग्य. परत आणला, हे योग्य. ढिला, अयोग्य. पुन्हा. पुन्हा. एखाद्या मुलाला बाराखडी गिरवायला लावावी, तशी ती आपल्या दातांना मोकळिकीची बाराखडी गिरवायला लावत होती.

"काय शालनताई, गाडी दुरुस्त करताय का खाताय?"

दारात हिंदुराव उभे होते. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा, गळ्यात मफलर. तातोबानं पटकन खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. इंजिन चालू ठेवून मालकानं कपभर चहा संपवायचा, आणि मगच गाडी न्यायची, ही या दाराची जुनी रीत. काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी असं तातोबाच्या चेहऱ्यावर होतं.

शालननं मूठ तोंडातून काढली. "मगदूममामा, माझे कान गेल्यात."

तातोबाचा कुंचला हवेतच राहिला.

हिंदुरावांनी गाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "आनि हे तुमी आज सांगताय? घाटात माझ्या मागं बसणार हाय ती बाय. पंचेचाळीस वर्षं बसलीय, एकदा पडली न्हाई."

"म्हणून तर सांगते. माझ्यावर भरवसा ठेवू नका. बगा आनि मग ठरवा. तात्या, दोनातला कुठलाबी एक टॅपेट ढिला करा. मी भिंतीकडं तोंड करून उभी ऱ्हाते."

तिनं पाठ फिरवली. भिंतीवर पाने टांगलेले होते. लहानापासून मोठ्यापर्यंत, चढत गेलेले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. खांद्यावर तातोबाचा हात पडला तेव्हा वळली, मूठ दातांत घट्ट धरली, डोळे मिटले.

"बाहेरच्या झडपेचा," ती म्हणाली.

तातोबानं मान खाली घातली. त्यानं आतल्या झडपेचा ढिला केला होता.

हिंदुरावांनी हातातला चहा न पिता बाकावर ठेवला. इंजिन तेवढं चाललं होतं. धप्, धप्, तटस्थ, निर्विकार, कुणाचीच बाजू न घेणारं.

शालननं जबड्यावरून हात फिरवला. जबडा थरथरत होता. ती फार आवळून धरत होती. तिच्याच स्नायूंचा कंप दांड्यातून येणाऱ्या टोचणीवर सांडत होता. पाणी स्थिर नसेल तर तळ दिसत नाही. दोष दाताचा नव्हता, पकडीचा होता.

"तो जाग्यावर आणा, आनि परत करा," ती म्हणाली.

या वेळी तिनं मूठ दातांत नुसती टेकू दिली. शिवताना ओठांत दोरा धरावा तेवढीच. खांदे सोडले. श्वास सोडला. आणि तो दुहेरी काजवा दिसला: एक नेमका, एक पसरट, उशिरा येणारा, लंगडा.

"बाहेरचा. अर्धा फेरा ढिला."

तातोबानं हिंदुरावांकडे पाहिलं आणि मान हलवली. अर्धाच होता.

"एकदा लागतंय म्हणून काय झालं," हिंदुराव म्हणाले. "नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा लागतं."

"खरं हाय मामा. तात्या, ढिला केला तेवढाच परत आवळा, आनि अजून एकदा करा."

तिसऱ्या वेळी तातोबानं फार वेळ घेतला. खाली वाकला, उठला, पुन्हा वाकला, कपाळ पुसलं. शालन टेकली, डोळे मिटले. एक. दोन. एक. दोन. ती थांबली. अजून थोडी थांबली. दोन्ही काजवे सारखे, दोन्ही नेमके, दोन्ही जागच्या जागी. मनानं म्हटलं, काहीतरी ढिलं असणारच, शोध. दातानं म्हटलं, नाही.

तिनं दाताचं ऐकलं.

"तात्या, कायबी केलं न्हाईसा तुमी. नुसतं वाकून ऱ्हायलाय."

"आयला!" तातोबा मांडीवर थाप मारून हसला, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. "म्हटलं, बगू फसतीय का. बापापेक्षा बिलंदर हाय ही!"

मग शालननं शेवटचा पाव फेरा दिला. पाना हातात, मूठ दातांत, ऊन पाठीवर. केसाएवढा पुढे, केसाच्या केसाएवढा मागे. थांबली. नट आवळला.

हिंदुरावांनी बाकावरचा कप उचलला. चहा गार झाला होता, वर साय धरली होती. त्यांनी ती बोटानं बाजूला केली आणि उभ्यानंच पिऊ लागले, मान एका बाजूला कलती करून. बत्तीस वर्षं लाल गाड्यांचं दुखणंखुपणं ऐकलेला तो माणूस या काळ्या गाडीचं कूजन ऐकत होता. एक घोट. एक घोट. आणि त्या धीरगंभीर ठोक्यांच्या काठाकाठानं, तिला कधीच ऐकू येणार नव्हता असा, रेशमात गुंडाळलेला टिकटिकाट.

त्यांनी कप उपडा घातला.

"पहाटे पाचाला निघणार," ते म्हणाले. मग लक्षात येऊन तिच्या समोर आले, आणि मिशा बाजूला सारून, ओठ स्पष्ट हलवत पुन्हा म्हणाले, "मंडळींस्नी सांगतो, शालनताईनं चावून बगितलीय. पक्की हाय."

गाडी उन्हात गेली. उसाच्या ट्रॅक्टरांमधून, मोळ्या वाहणाऱ्या बैलगाडीला वळसा घालून, काजळकाळी, रुंदखांदी, सोनेरी रेघेची. वळणापाशी ती दिसेनाशी झाली. तिच्या मागे हवेत निळसर धुराची एक बट तेवढी राहिली, मग तीही उन्हात मिसळली.

शालन आत आली. स्क्रूड्रायव्हर पुसायला तिनं फडकं घेतलं, आणि हात थांबला. वडिलांच्या घामानं काळवंडलेल्या त्या शिसवी मुठीवर तिच्या दातांचे ठसे उठले होते. वरच्या अंगाला चार, खालच्या अंगाला चार. ओले, ताजे, कोवळे. लाकडाच्या काळोखात उगवलेल्या दोन चंद्रकोरी.

तिनं दांडा पुसला, टोक पुसलं, आणि मूठ तशीच ठेवली.