कोरडी खोली

आमच्या घरातली सगळ्यात कोरडी खोली नाण्यांची आहे. बाहेरच्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं. आत जाड पडदा, लोखंडी कपाट आणि हवेतली ओल ओढून घेणारं एक यंत्र. त्या यंत्रात साठलेलं पाणी रोज सकाळी मी ओतून देते. माझ्या सासूबाई झोपतात मागच्या खोलीत. त्या खोलीची एक भिंत न्हाणीघराला लागून आहे, तिचे पोपडे हात लावला की गळतात, आणि घडी करून ठेवलेल्या चादरींनासुद्धा कुबट वास येतो. सासूबाईंना दमा आहे. कोरडी खोली कुणाला मिळायला हवी हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण सासऱ्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं आणि माझ्या नवऱ्याला बापापुढे ब्र काढायची हिंमत नव्हती.

सासरे दस्तनोंदणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी लोकांचे अंगठे शाईत टेकवून कागदावर उमटवले, पण स्वतःच्या नाण्याला कुणाचं बोट लागू दिलं नाही. नाणं धरायचं ते फक्त कडेनं, तेही खाली मऊ कापड पसरून. पुसायचं नाही, घासायचं नाही. नाणी घासूनपुसून चकचकीत करणारा माणूस त्यांच्या लेखी खुनी. आणि नाणं उघडं असताना बोलायचं नाही, कारण थुंकीचा बारीकसा शिंतोडा उडाला तरी पुढे तिथे काळा ठिपका उठतो. भलेभले पाहुणे त्या खोलीत तोंडावर बोट ठेवून बसायचे. सासूबाईंना तर उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायची बंदी. "तू खोकशील," एवढं एकच कारण. नाण्यांना हा माणूस तळहाताच्या फोडासारखं जपत होता आणि पलीकडे बायको धापा टाकत होती.

यंदा डॉक्टर घरी आले, भिंतीकडे बघून म्हणाले, "यांना या खोलीतून हलवा. पुढच्या वेळी मला बोलावून उपयोग होणार नाही." नवरा म्हणाला, "बघू." हा त्याचा सगळ्या प्रश्नांवरचा जुना तोडगा.

त्याच सुमारास नाण्यांनाही दुखणं लागलं. जुन्या अल्बमांचे कप्पे मऊ प्लास्टिकचे. ते प्लास्टिक वर्षानुवर्षं आतून पाझरत होतं आणि नाण्यांवर हिरवट चिकट थर चढत होता. सासऱ्यांचा चेहरा असा झाला की घरात कुणी गेलंय असं वाटावं. सगळी नाणी एकेक करून काढायची, ॲसिटोनमध्ये बुडवून तो चिकटा उतरवायचा, न चोळता सुकवायची आणि कडक प्लास्टिकच्या गोल, घट्ट बंद होणाऱ्या डब्यांत घालायची. त्यांचे हात थरथरायला लागलेले. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, काचेला बोट न लावता भिंग उचलायची मला सवय आहे. मी संधी साधली.

"बाबा, मी करते सगळं. पण डब्या बंद झाल्या की नाण्यांना ना ओल लागणार, ना कुणाचा श्वास. मग कपाट बैठकीत ठेवू आणि ती खोली आईंना द्या."

"शेवटचं नाणं डबीत गेलं की खोली तिची," ते म्हणाले. "पण एकाही नाण्याला डाग लागला, तर विषय बंद."

दुकानातून आले की मी हातमोजे चढवून बसायची. सासूबाई दाराबाहेर स्टूल टाकून बसायच्या, तोंडावर पदर दाबून. बोलायची सोय नव्हती, म्हणून हातवारे. पलंग या भिंतीला लावायचा का त्या, खिडकीचा पडदा काढता येईल का, असं बोटांनी विचारायच्या. मी मान हलवली की लहान मुलीसारख्या हसायच्या. खोकला आला की उठून थेट स्वयंपाकघरात पळायच्या. मला त्या हसण्याचीच भीती वाटायची. असल्या माणसाच्या शब्दावर इतकं खूश होऊ नये, हे त्यांना मी सांगायला हवं होतं का?

काम संपलं. सासऱ्यांनी शेवटचा ट्रे स्वतः तपासायला घेतला. कापडी मोज्यांत नाणं निसटतं म्हणून त्यांनी हात धुऊन, मोजे न घालता एकेक नाणं डबीतून काढलं, खिडकीशी नेऊन पाहिलं, परत डबीत बसवलं. सगळं ठीक होतं. मग म्हणाले, पावसाळा सरेपर्यंत डब्या कशा राहतात ते बघू. सासूबाईंनी बांधून ठेवलेलं उशांचं गाठोडं मुकाट्यानं सोडलं.

पावसाळा त्यांनी त्या भिंतीशेजारी कसा काढला ते मी सांगत बसत नाही. एका रविवारी सासऱ्यांनी डब्या उघडायला घेतल्या आणि थोड्या वेळानं त्यांची हाक आली. एका तांब्याच्या नाण्यावर, राजाच्या गालावर, तपकिरी अंगठा उमटला होता. घामाचा ठसा लगेच दिसत नाही, धातूत मुरून सावकाश वर येतो. एकेक रेघ स्वच्छ होती.

"कोणाचा?" त्यांनी विचारलं. मग त्या माणसानं कपाटातून शाईचं पॅड काढलं. मला वाटलं थट्टा आहे. पण त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि कचेरीत बसल्यासारखे खुर्चीत बसले. पहिला अंगठा माझा घेतला, मग त्यांच्या मुलाचा. चाळिशीचा माझा नवरा निमूटपणे पुढे झाला आणि वर म्हणाला, "मी तर त्या खोलीत जातच नाही हो, बाबा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासूबाई धापा टाकत आल्या. त्यांचा अंगठा धरायच्या आतच म्हणाल्या, "माझाच असेल. चुकून लागला असेल."

"आई, तुला सांगितलं होतं ना!" नवरा ओरडला.

"तुम्ही आत पाऊल तरी टाकलंय का कधी?" मी सासूबाईंना म्हटलं. त्यांनी डोळ्यांनी मला गप्प केलं.

सासरे खुर्चीत रेलून बसले. "मग विषय बंद," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. तिथे माझा तोल गेला. मी त्यांचं मनगट धरलं, अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर आपटला. नवरा मध्ये आला, त्याला कोपरानं ढकललं. मग भिंग उचलून मी त्यांच्या हातात दिलं. बघायचीही गरज नव्हती. त्यांच्या अंगठ्यावर आडव्या जुन्या जखमेचा वण होता आणि राजाच्या गालावर तोच वण आडवा पडला होता.

ते भिंगातून पाहत राहिले. मी वाट पाहत होते. निदान खाली तरी बघतील, एवढीच माझी अपेक्षा होती.

"हं, माझा आहे," ते म्हणाले आणि भिंग टेबलावर ठेवलं. "तरी ती तिथे येणार नाही."

"का? डब्या बंद आहेत. आईंच्या खोकल्यानं काय होणार आहे आता?"

"नाण्यांना काही होणार नाही," ते शांतपणे म्हणाले. "ती माझी खोली आहे. मला तिथे बायको नको आहे, बस." आणि नाणं कडेनं उचलून, सांभाळून डबीत घालून, ते निघून गेले.

सासूबाई मोरीपाशी हात धूत होत्या. त्यांच्या अंगठ्याला शाई लागलेलीच नव्हती, तरी साबण लावून चोळत होत्या. मी मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, आई, मी सोडणार नाही, बघाच तुम्ही. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या.

"तुला गप्प बसता येत नव्हतं का गं?" त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मी समजत होते, नाण्यांमुळे नको म्हणतात."