सावलीतली डोकरी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. जन्म जपानातल्या एका कारखान्यातला, पण आयुष्य सगळं गिरणाकाठी भडगावात गेलं. केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीला गेलेल्या जीवराममामाने मशीनसोबत मला आणलं, भाची इंदिरेसाठी. ते साल एक्याण्णव असावं.

माझ्यात गोळीबार नाही, मोटारींची शर्यत नाही. एक मुलगा घर सोडून जगाच्या फेरीला निघतो आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलतो. तेही जपानीत. गल्लीतली पोरं दोन दिवसांत कंटाळली. इंदिरा मात्र घोरपडीसारखी चिकटली.

तिला शिकवणारं कोण होतं? कोणी नाही. पडद्यावर शेवया सांडल्यासारखी अक्षरं उमटत. ती एक शब्द निवडायची आणि काय होतं ते पाहायची. दार उघडलं, म्हणजे हा शब्द किल्लीचा. जखम भरली, म्हणजे हा औषधाचा. मग तो शब्द वहीत उतरवून शेजारी मराठीत अर्थ लिहायची. वीज गेली की वही पाठ करायची. सहा वर्षांत चार वह्या भरल्या. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटे.

एक वाक्य तेवढं अडलं. त्या मुलाच्या घराच्या दारात, सावलीत, त्याची म्हातारी आई उभी असते. तो निघाला की ती दर वेळी एकच वाक्य बोलते. त्याने काही मिळत नाही, काही घडत नाही. मग अर्थ लागावा कसा? इंदिरेची आई मंजुळाबाई शेंगा फोडत बाजूला बसलेली असे. ती विचारायची, "ती डोकरी काय म्हनस?" इंदिरा मान हलवायची. मग मंजुळाबाई स्वतःच सांगून टाकायची, "घर ये म्हनस. दुसरं काय म्हनी?"

मला अर्थ ठाऊक होता. पण मला तोंड कुठे आहे?

सत्त्याण्णव साली इंदिरा पुण्याला जपानी शिकायला निघाली. वडिलांच्या माघारी घरात दोघीच. मंजुळाबाईने नको म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. दशम्या बांधून दिल्या, हातावर दही ठेवलं. पोर उंबऱ्याशी "येते" म्हणून थांबली. आपल्याकडे त्यावर घरचं माणूस जे म्हणतं, ते ऐकायला ती थांबली होती. आईने तोंड फिरवलं. इंदिरा तशीच गेली, आणि मी कपाटात गेले.

दीड वर्षाने पत्र आलं. मामाने ते मोठ्याने वाचलं. "आई, त्या डोकरीचं वाक्य आज वर्गात कळलं. तू अर्धं बरोबर सांगत होतीस. ती म्हणते, जाऊन ये. तिकडे जपानात दारातून निघणाऱ्याला रोज हेच म्हणतात."

मामा गेल्यावर मंजुळाबाईने मला काढलं, कोरड्या पदराने पुसलं आणि मशीनमध्ये बसवलं. खेळ कुठवर आला ते लक्षात ठेवणारी माझ्यातली बारकी बॅटरी केव्हाच संपली होती. इंदिरेने मुलुखभर केलेली मजल सगळी पुसली गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डोकरी तर पहिल्याच घरात असते. चुकतमाकत बटणं दाबून मंजुळाबाईने त्या मुलाला दारापर्यंत नेलं. डोकरी बोलली. ती अक्षरं मंजुळाबाईला वाचता येत नव्हती, तरी ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

मग हळूच म्हणाली, "जाईसनी ये, बाई."

मित्रांनो, आम्हा कॅसेटांना फुंकर मारू नका, ओलीने आम्ही गंजतो. कोरड्या कापडाने पुसा. आणि निघणाऱ्याला जे म्हणायचं ते उंबऱ्यावरच म्हणा. मंजुळाबाईचं ते बोलणं ऐकायला त्या दिवशी घरात मी एकटीच होते.