एका मोहाचे वाटेकरी

मृत्युपत्र करायला माणूस एकटा जातो, फार तर मुलाला बरोबर घेतो. नवसू पोशेऱ्याहून निघाला तो जीप भरून. जव्हारच्या बाजारात वकीलबाईंच्या कचेरीसमोर ती थांबली, आणि शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली त्याची मुलगी रंजना पायरीवर उभी राहून बघतच राहिली. आधी धाकटा भाऊ जगन उतरला. मग गौरामावशी, नवं लुगडं सावरत. मग शेजारचा पोश्या. शेवटी तिचे बाबा, ठेवणीतला पांढरा सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखे.

"बाबा, एवढी माणसं कशाला?"

"साक्षीदार आणा म्हणल्या ना वकीलबाई? आणले."

"दोन आणा म्हणाल्या होत्या."

"दोनच आणायचे तं बाकीच्यांना वाईट नाय वाटणार?"

रंजनाला हसू फुटलं. दिवाळीत आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

जमीन जगनच्या नावे करा, तोच कसतो, असं तिनंच बाबांना सांगून टाकलं होतं. तिची नोकरी होती, जव्हारला घर होतं. मनात होतं ते फक्त दारातलं मोहाचं झाड. फुलं गळायच्या दिवसांत सोमी, तिची आई, पहाटेच उठून त्याच्याखालची जमीन झाडून लख्ख करायची, आणि मग मायलेकी वाकून फुलं वेचायच्या. लग्नानंतरही रंजना दरवर्षी तेवढ्यासाठी माहेरी जायची. आता मोह पुन्हा फुलायला आला होता. यंदा त्याच्याखाली आपण कोण म्हणून जायचं, हे तिला कळत नव्हतं, आणि कुणाला विचारताही येत नव्हतं.

वकीलबाई प्राजक्ता वयानं लहान होत्या, पण ऐकून घेणाऱ्या. घर आणि जमीन जगनला, हे त्यांनी पटकन टाइप करून टाकलं. तसा नवसू खुर्चीच्या टोकावर सरकला.

"आता झाड."

"कोणतं झाड, काका?"

"दारातला मोह."

"तो जमिनीबरोबर जगनलाच जाईल की."

"कसा जाईल? लाकूड तेवढं जगनचं. फुलं गौराची. वर आग्यामोहोळाचं पोळं लागतं ते पोश्याचं, चढतो तोच. पानं पाड्याची. ज्याच्या घरी लग्न, त्यानं पत्रावळीला न्यायची. आणि सावली तुषारची."

तुषार म्हणजे जीपवाला. तो दारात किल्ली फिरवत उभा होता, तो थबकला. वकीलबाईंची बोटंही थांबली.

"सावली?"

"तर! उन्हात जीप कुठं लावील तो? पॅसेंजर कुठं बसतील?"

"काका," तुषार म्हणाला, "मग आजचं भाडं घेऊ की नको?"

"भाडं घे. सावली मी मेल्यावर."

"दाजी," गौरामावशी म्हणाली, "फुलं घेते मी. पण मागून दारूची बाटली मागायला यायचं नाय, सांगून ठेवते."

"मी मेल्यावर कुठून येणार मागायला?"

"तुमचा काय भरवसा!"

कचेरी हसण्यानं भरून गेली. रंजनाही हसत होती, पण कान आपल्या नावाकडे लागले होते. फुलं झाली, पोळं झालं, पानं झाली, सावलीसुद्धा झाली. झाडाचं वाटायला काही उरलं नाही, आणि तिचं नाव आलं नाही. तिनं पर्सची चेन उघडली आणि उगाच पुन्हा लावली.

वकीलबाईंनी सगळं वाचून दाखवलं. "आता साक्षीदार. दोघं पुढे या."

सगळेच पुढे आले. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्हा सगळ्यांना यात काही ना काही मिळतंय. ज्याला मिळणार त्यानंच साक्ष दिली, तर उद्या कुणीतरी बोट दाखवणार. काहीच मिळत नाही अशी दोन माणसं द्या मला."

जीपभर माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली. तसा एकही निघेना.

"माझं पोळं काढून टाका," पोश्या म्हणाला. "नाहीतरी चावतातच त्या माश्या."

"बस खाली," नवसू खेकसला. "दिलेलं परत घेत नसतो मी."

मग तुषारला आठवलं, खाली चहाच्या टपरीवर अनंता बसलाय. एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर, नवसूचा जुना दोस्त. तो चहाचा ग्लास हातात घेऊनच वर आला.

"तुझ्या कोंबड्या जन्मभर सीटखाली फुकट नेल्या मी, नवसू. मला काय देतोस?"

नवसूचा चेहरा उजळला. "अरे, तुला तं मी..."

"बाबा, नको!" जगन ओरडला.

"दाजी, गप बसा!" मावशीनं दंड धरून त्याला मागे ओढलं.

"एक तर मिळाला," वकीलबाई हसू आवरत म्हणाल्या. "दुसरं कोण?"

"रंजना हाये की," नवसू म्हणाला. "तिला कुठं काय दिलंय मी?"

इतक्या सहज म्हणाला तो. रंजनाला वाटलं, आपण मान हलवावी आणि सही करून शाळेत निघून जावं.

"हो. मला काहीच नाही," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तसा निघाला नाही.

नवसू वळला. तिच्याकडे नीट बघितलं.

"बाय, तुला काय देणार मी? वरच्या बांधावरचं झाड तुझंच हाये. तुझ्या लग्नाच्या साली तुझ्या आयशीनं ह्याच मोहाची बी लावली तिथं. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर त्याला घालायची. मला हात लावू देत नव्हती. जे माझं नाय ते माझ्या कागदात कसं येईल?"

"बाबा!" जगन म्हणाला. "फुललं की सांगायचं, असं बजावलं होतं आईनं. ताई, यंदा कळ्या धरल्यात."

बांधावरचं ते काट्यांचं कुंपण रंजनानं कितीदा तरी पाहिलं होतं. आतलं झाड मागच्या रानात मिसळून जायचं, आणि जगननं भाजी लावली असेल, असं तिला वाटायचं. तिनं त्याच्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत ओरखडे होते, काही जुने, काही ताजे.

"मग तेही लिहू," वकीलबाई म्हणाल्या. "बांध काकांचा आहे, तेव्हा लिहिलेलं बरं. पण मग तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही."

"लिहून घे, ताई," जगन म्हणाला. "मी आहे तोवर प्रश्न नाय. पुढं पोरांचं कुणी सांगावं?"

रंजनानं समोरच्या कागदाकडे पाहिलं. लिहिलं तर झाड बाबांनी दिल्यासारखं होणार होतं. ते दिलं होतं आईनं, एकेक तांब्या घालून.

"पोरांना तू सांगशील," ती म्हणाली. "दरसाल कुंपण घालायला त्यांना बरोबर घेऊन जा म्हणजे झालं. कुठं करायची सही?"

नवसूनं एकेक अक्षर जपून काढत आपलं नाव लिहिलं. खाली अनंतानं सही ठोकली, आणि त्याच्याखाली रंजनानं. मग अनंतानं सगळ्यांना चहा पाजला.

होळीच्या आधी रंजना पोशेऱ्याला गेली. पहाटे आईचा झाडू घेऊन वरच्या बांधावर चढली. कुंपणातून जायला जगननं वाट करून ठेवली होती. झाड तिच्या दुप्पट उंच होतं. तिनं खालची जमीन झाडली आणि उजाडेपर्यंत तिथंच बसून राहिली. फुलं एकेक करून पडत होती, ओली, गोड वासाची. टोपली आणली होती, पण तिची गरज पडली नाही.

खालून, दारातल्या मोठ्या मोहाखालून, मावशीची हाक आली. "किती पडली गं?"

"ओंजळभर!"

"मग ये खाली. माझी टोपली वेचू लाग!"

"तुझी?" घरातून नवसूचा आवाज आला. "अगं गौरा, मी अजून जिवंत हाये!"

रंजना ओंजळ सांभाळत, हसत बांध उतरू लागली.