माझ्याकडे नसलेलं वर्ष

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. पत्त्यांच्या जोडाएवढी, काळी, एका कोपऱ्यावर पोचा आलेली. बाबांनी मला दुकानातून आणलं, तेव्हा या घरातली लेक रांगत होती. दर रविवारी बाबा मला कॉम्प्युटरला जोडायचे आणि आठवड्याचे फोटो माझ्यात उतरवायचे. "हिच्यात आहे ना, मग काळजी नाही," असं ते म्हणायचे आणि मी फुगून जायचे.

मग नवा लॅपटॉप आला. जुने-नवे सगळे फोटो त्याच्याच पोटात जाऊ लागले. मला मिळाला टेबलाचा खालचा खण. वर सगळे त्याच्याभोवती कोंडाळं करून हसायचे आणि खाली माझा नुसता जळफळाट व्हायचा. वर्ष झालं तरी बाबांनी खण उघडला नाही. मी त्यांच्यावर रुसून बसले.

एके सकाळी वर गडबड ऐकू आली. लॅपटॉपवर फोटोंच्या जागी नुसत्या करड्या चौकटी दिसत होत्या म्हणे. खोटं कशाला सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या!

आईला प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लागते. त्याच हौसेने तिने फोटोंच्या आतल्या कप्प्यांत हात घातला होता.

"फोटोंची नावं म्हणजे नुसते आकडे होते हो," ती लॅपटॉप बघायला आलेल्या दुरुस्तीवालीला सांगत होती. "मी सहल, वाढदिवस अशी नावं देऊन नीट लावलं."

"अहो ताई, त्या आकड्यांवरूनच प्रोग्राम फोटो शोधतो. जुनी प्रत आहे का कुठे?"

"काकू, बाबा गेले त्या वर्षाचे फोटो फक्त यातच आहेत," लेक म्हणाली. "ते तरी मिळतील ना?"

बाबा गेले? मला कोणी सांगितलंच नव्हतं.

खण उघडला. दुरुस्तीवालीने माझ्यातली जुनी नावं पाहून एकेक फोटो जागेवर लावला. माझ्याकडे नसलेलं ते शेवटचं वर्ष मात्र अडलं. माझ्या मनात पाप आलं. नाही सापडलं तर बरंच, माझ्याकडे नसलेले बाबा त्या लॅपटॉपकडेही नसतील!

पण प्रत्येक फोटोच्या आत तो काढल्याची तारीख असते. दुरुस्तीवालीने त्यावरून दुपारपर्यंत सगळं जुळवलं आणि त्याची प्रत माझ्यातही उतरवली.

तेव्हा मला ते वर्ष दिसलं. बाबा वाळले होते, डोक्यावर केस नव्हते. शेवटच्या फोटोत ते पलंगावर टेकून बसले होते, मांडीवर लॅपटॉप होता आणि ते लेकीचे रांगतानाचे फोटो बघत होते. त्या लॅपटॉपचा मला आजही हेवा वाटतो. तो त्यांच्याजवळ होता आणि मी खणात रुसून बसले होते.

मित्रांनो, महिन्यातून एकदा तरी आम्हाला बाहेर काढून जोडत जा. फोटो तर सुरक्षित राहतीलच, पण घरात कोण आजारी आहे, तेही आम्हाला वेळेवर कळेल.