नणंदबाई आणि संत्र्याची फोड

अतिदक्षता विभागात नवा कॉम्प्युटर आला त्याच दिवशी थोरल्या सिस्टरांनी त्याचं नाव ठेवून टाकलं: नणंदबाई. अगदी चपखल! वेळ झाली की पिंग पिंग करून साखर तपासायला लावायचं, आकडा भरला की इन्सुलिन किती सोडायचं ते सांगायचं, आणि पाच मिनिटं उशीर झाला की पडदा लाल करून फुगून बसायचं. बावीस वर्षं कागदावर आकडेमोड करून पेशंट सांभाळलेल्या बाईला हे कोण शिकवणार? पण खोटं कशाला बोला, तीन नंबरच्या कॉटवरच्या शिंपीकाकांची वर-खाली नाचणारी साखर नणंदबाईंनी एका दिवसात ताळ्यावर आणली. सिस्टरांनी हे मनात कबूल केलं होतं, तोंडाने नाही.

काकांचा जंतुसंसर्ग उतरला होता, श्वास स्वतःचा स्वतः चालला होता. झोपेचं औषध बंद करून दोन दिवस झाले, तरी माणूस डोळा उघडेना की बोट हलवेना. डॉक्टर म्हणाले, "साखर घसरू देऊ नका, मेंदूला सोसणार नाही. बाकी वाट बघायची." काकू रोज दुपारी अर्धा तास आत येत आणि जाताना विचारत, "हलले का हो?" त्यांना "अजून नाही" म्हणताना सिस्टरांच्या जिवावर येई.

त्या दिवशी काकू बाहेर गेल्या आणि नणंदबाई ओरडल्या. धाकट्या सिस्टरने काकांच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब घेतला. तीनशे अठरा! आकडा भरताच पडद्यावर आलं, इन्सुलिन तिप्पट करा. ती पंपाकडे वळलीसुद्धा.

"थांब गं बाई!" सिस्टर कडाडल्या. "तासापूर्वी एकशे चौतीस होती. सकाळपासून सरळ चाललेली रेघ अशी उडी मारते होय? आकडा खोटा असला तर साखर पार तळाला जाईल!"

त्यांनी काकांचा उजवा हात उचलून हुंगला. संत्रं! घमघमाट नुसता. साबणाने हात धुतला, कोरडा केला, पुन्हा टोचलं. एकशे एकतीस. "म्हणजे मघाशी मी बोटावरच्या रसाची साखर मोजली!" धाकटी म्हणाली.

सिस्टर तरातरा दाराशी गेल्या. "काकू, इथे फळं आणायला बंदी आहे ना? यांच्या हातात संत्रं दिलंत तुम्ही?"

"नाही हो, शपथ! वास आवडतो म्हणून नुसती फोड नाकाशी धरली. त्यांनीच खेचली की माझ्या हातातून! पार चिरडली. तुम्ही रागवाल म्हणून मी पदराने पुसून गप्प बसले."

ओरडायला निघालेल्या सिस्टर एकदम काकूंच्या जवळ सरकल्या.

"कोणी खेचली, काकू?"

"यांनीच, दुसरं कोण... अगंबाई!"

"उरलंय का थोडं? आणा इकडे, चला आत!"

"सिस्टर, बंदी आहे ना?" धाकटी पुटपुटली.

"तू नको आता नणंदबाई होऊस!"

फोड नाकाशी गेली. काही नाही. मग जन्मभर सुई धरून खरबरीत झालेली ती दोन बोटं हळूच उठली आणि फोड चिमटीत पकडून बसली. सोडायला तयार नाहीत!

सिस्टरांनी डोळे पुसले आणि नवा आकडा भरला. खाली शेऱ्याचा रकाना होता, आजवर कधी न वापरलेला. त्यात लिहिलं: "हात धुऊन पुन्हा तपासलं. पेशंटने संत्रं खेचलं." नणंदबाईंनी एरवीसारखी कटकट न करता ते निमूट घेतलं.

निघताना काकू सवयीने दाराशी थांबल्या. त्यांनी विचारायच्या आतच सिस्टर म्हणाल्या, "हलले हो काकू, हलले!"