नदीपलीकडचा ठिपका

निळा ठिपका — नखाएवढाही नाही — फोनमधल्या नकाशावरच्या नदीच्या मधोमध जरा डुलला, मग पाण्यावरून सरळ चालत पलीकडच्या काठावर गेला आणि तिथल्या कुणाच्याशा घरात शिरून खुशाल बसला. ती मात्र इथेच होती, शिलाई मशीनपाशी, गिऱ्हाइकाच्या पडद्यांचा ढीग मांडीवर घेऊन. ठिपका म्हणजे तू, असं मुलानं शिकवलं होतं. ती न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून परगावी बसल्याबसल्या तो तिला फोनवर बघत असे, भाजीला निघाली तरी, "आई, आज लांबच्या दुकानात?"

फोन वाजला.

"आई, पुन्हा पलीकडे?"

"हो, पोहत आले."

"थट्टा पुरे. रोज दुपारी काय असतं गं तिथे?"

एक वाक्य पुरलं असतं. बाळा, मी घरातच आहे, तुझा ठिपकाच खुळावलाय. मग तो कुणाला तरी पाठवील, फोन दुरुस्त होईल, ठिपका मुकाट मांडीवर येऊन बसेल... शब्द ओठांपर्यंत आले, आणि ती म्हणाली, "मैत्रीण आहे."

"कोण? मला माहीत नसलेली?"

"तुला माहीत नसलेली." कित्येक वर्षांत इतकं चवीचं काही तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

"बरं, नीट पोचलीस ना? मग मी निवांत."

मशीनचं चाक फिरत राहिलं, आणि ती पलीकडे... तिथल्या खिडक्या उंच, एकीलाही पडदा नाही, आणि जन्मभर पडदे शिवूनही मला त्याचं काहीच वाटत नाही. मैत्रीण नुसती बसलेली. कशी आहेस, औषध घेतलंस का — काही विचारत नाही. आणि इकडे, या खुर्चीवर, आता कुणीच नाही! तिनं केस मोकळे सोडले. मोठ्यानं, बेसूर गायली.

मग कापड घ्यायला उठली, तर मुंग्या आलेला पाय दुमडला आणि टेबलाची कड कशीबशी हाती लागली. पडले असते तर... तर मुलानं पाठवलेली माणसं मला तिकडे शोधत बसली असती, परक्यांची दारं ठोठावत.

फोन हाताच्या अंतरावर होता. मुलाला खरं सांगायला तिनं तो उचलला नाही. भीती होती, पाठीतून उतरत होती — पण तीही कुणाला न दिसणारी, निव्वळ तिची. आणि इतक्या दिवसांनी काही निव्वळ आपलं मिळाल्यावर तिला ते लगेच सोडवेना.